कुंड्यातलं पाणी

बेल ती कधी वाजवत नसे. हातातल्या टॉर्चने दाराच्या जाळीवर दोनदा टकटक करायची आणि मग तेच दोन शब्द, "पाणी दाखवा."

नमस्कार नाही, कोण आहे घरात नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका ओडिया बाईने पहिल्या दिवशी तिला खरोखरच तांब्याभर पाणी आणून दिलं होतं. हिने तांब्यात टॉर्च मारून पाहिली, "अच्छा है" म्हणून ते पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या परत देत म्हणाली, "अब बाकी का दिखाओ."

तुमच्या गावात असं माणूस येतं की नाही, मला ठाऊक नाही. सुरतेत येतं. आरोग्य खात्याची ही माणसं दर आठ-दहा दिवसांनी घरोघर फिरून साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघतात. डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत बारा वर्षं ही एकच बाई येत होती. गुजराती शेजारी तिला मच्छरवाळी बेन म्हणत, आम्ही खान्देशी मंडळी डासवाली ताई म्हणायचो. दोन्ही नावं तिने निमूट चालवून घेतली होती.

ठेंगणी, अंगाने भरलेली, चालताना थोडी डावीकडे कलणारी. खांद्याला पिशवी, पिशवीत औषधाची बाटली, चहाची जुनी गाळणी आणि पांढरी प्लास्टिकची वाटी. संशय आला की ती थोडं पाणी वाटीत घ्यायची आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांसमोर धरायची. पांढऱ्यावर अळ्या चांगल्या दिसतात. "बघा, तुमच्याकडे पाहुणे आलेत. आठ दिवसांत पंख फुटतील, मग हाकलून जाणार नाहीत," असं म्हणून ती वाटी मोरीत ओतायची.

फ्रिजच्या मागे पाणी साठायला एक ट्रे असतो, हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना तिच्यामुळे कळलं. मनीप्लांटची बाटली, तुळशीखालची ताटली, गच्चीवर टाकून दिलेला टायर, कूलरची टाकी. कुठल्या घरात काय आहे ते तिला पाठ होतं. आत शिरताना ती म्हणायची, "रागावू नका, पण बघते." हे ती एक पाय उंबऱ्याच्या आत टाकल्यावर म्हणायची, त्यामुळे रागवायला कुणाला सवडच मिळत नसे. बघून झालं की दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख आणि सही. आमच्या दारामागे अशा तारखा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतरल्या आहेत. रंगारी आला तेव्हा मी तेवढी भिंत सोडायला सांगितली होती.

ती कुणाला फारशी आवडायची असं मात्र म्हणता येणार नाही. आपल्या घरातला ओला कोपरा परक्या माणसाने उकरून काढलेला कुणाला आवडेल? बायका तिची चाहूल लागली की बादल्या पालथ्या करायला धावत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर बंद दाराआडून सरळ सांगितलं होतं, "घरी कोणी नाही."

"बरं," ही बाहेरून म्हणाली, "मग जे कोणी घरी नाहीत त्यांनी ट्रे तेवढा काढून ठेवावा. मी वरून उतरताना येते."

उतरताना आली तेव्हा ट्रे दाराबाहेर काढून ठेवलेला होता.

आमच्या घरी तिचं खरं नातं होतं ते माझ्या बायकोशी. ही मूळची शिरपूरकडची, बायकोचं माहेरही त्याच अंगाला. माझ्याशी मास्तर म्हणून शुद्ध बोलायची, पण बायको दिसली की दोघी अहिराणीवर यायच्या.

"ये माय, बठ जराशी. चहा ठेवस."

"बठाले येळ नही, काकू. आजून दोन गल्ल्या बाकी शेतस."

असं म्हणत ती दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलायची. तिचा नवरा पलसाण्याला एका डाइंगच्या कारखान्यात होता. रंगाच्या वाफेने छाती धरली म्हणून त्याने काम सोडलं, आणि त्यानंतर घर हिच्या टॉर्चवर चाललं, हे मला बायकोकडूनच कळलेलं.

बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. पहिल्या खेपेला ही आली ती जाळीशी नुसतीच उभी राहिली. टकटक नाही, शब्द नाही. मीच दार उघडलं. तिने घरभर फिरून सगळं पाणी पाहिलं, तारीख टाकली आणि जाताना म्हणाली, "सर, फ्रिजचा ट्रे मी काढून ठेवलाय. तुम्हाला वाकायला नको." मला त्या दिवसांत भेटायला आलेल्यांनी बरंच काही सांगितलं, देह, आत्मा वगैरे. त्यातलं आता एक अक्षर आठवत नाही. ट्रेचं आठवतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

गॅलरीच्या कठड्यावर बायकोने पाखरांसाठी मातीचं एक पसरट भांडं ठेवलेलं असे. सुरतेत त्याला कुंडं म्हणतात, उन्हाळ्यात घरोघर दिसतं. आमच्याकडे ते बारा महिने असायचं. चिमण्या यायच्या, बुलबुलाची एक जोडी यायची. ती गेल्यावर हे एक काम मी तिच्या नावाने चालवायचं ठरवलं. रोज सकाळी तांब्या घेऊन जायचो आणि जेवढं कमी झालं असेल तेवढं भरून यायचो. एक दिवस चुकवला नाही. कुंड्यातलं पाणी रोजचं आहे, असं मी ताईलाही गॅलरीच्या दारातच सांगायचो, आणि काकूंच्या कुंड्याबद्दल ती ते मानायची. मला त्याचा अभिमानही होता.

मला जे माहीत नव्हतं ते असं, की बायको ते कुंडं रोज ओतून, काथ्याने घासून, मग नवं पाणी घालत असे. हे मी उठायच्या आधी होत असल्यामुळे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी शिळ्यात ताजं घालत राहिलो. पाखरं हळूहळू यायची थांबली, त्याचाही मी निराळाच अर्थ लावला. तिची पाखरं, ती नाही म्हणून येत नाहीत. डोळे भरून यायचे, आणि मी आणखी थोडं पाणी घालायचो.

जूनमधली गोष्ट. ताई आली तेव्हा मी फोनवर होतो, हातानेच या म्हणालो. ती गॅलरीत गेली. मी फोन ठेवून वळलो तर तिने कुंडं उचलून तिरकं धरलं होतं. तळाला शेवाळ होतं, बोटांना ते बुळबुळीत लागलं असावं. कुंडं निसटलं आणि फरशीवर पडून त्याचे चार तुकडे झाले.

सांडलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी पाहिल्या. तिने वाटी काढली नाही, दाखवल्याही नाहीत. ती खाली बसून तुकडे पदरात गोळा करू लागली.

"काकूंचं होतं ना," ती म्हणाली. "मी दुसरं आणून देते, सर."

"दुसरं?" मी ओरडलो. आयुष्यात वर्गाबाहेर मी एवढ्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? चालत्या व्हा आधी!"

ती गेली. त्या दिवशी भिंतीवर तारीख पडली नाही.

दुपारी मी कागद घेऊन बसलो. तेहतीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली, पण सुरतेत जन्म गेल्यामुळे गुजराती लिहायला माझा हात सराईत आहे आणि अक्षराचा तर मला गर्वच आहे. तिच्या साहेबांच्या नावे दोन पानी तक्रार लिहिली. आपल्या कर्मचारी बाई उद्धटपणे वागतात, न विचारता घरात फिरतात, वस्तूंची नासधूस करतात, ज्येष्ठ नागरिकांच्या भावनांची कदर ठेवत नाहीत. खाली नाव घातलं नाही, 'सोसायटीतील एक रहिवासी' म्हणून सोडून दिलं. कुंड्याचं नाव काढलं नाही आणि अळ्यांचंही नाही. पत्र टपालात पडलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

पंधरा दिवसांनी ती आली ती संध्याकाळी, कामाच्या वेळेनंतर, पिशवी न घेता. बारा वर्षांत पहिल्यांदा आमच्या खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं. सवयीने तिने पेल्यात डोकावून पाहिलं आणि मग प्यायली. एरवी मला हसू आलं असतं.

तिने घडी घातलेला कागद पुढे केला. "ऑफिसातून मिळालंय. मला गुजराती बोलता येतं, वाचायला जड जातं. तेवढं वाचून दाखवा."

माझ्या पत्राची झेरॉक्स होती ती. सोबत एक चिठ्ठी, सात दिवसांत खुलासा द्यावा.

मग मी माझंच पत्र तिला वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करून. ती शाळेतल्या पोरीसारखी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. 'उद्धट'पाशी तिने मला थांबवलं.

"म्हणजे मी बोलते तसंच ना?"

"तसं नाही," मी म्हणालो, "लोक काहीही लिहितात."

"लिहू द्या. पण यंदा कायम करायच्या यादीत माझं नाव आलंय, सर. बारा वर्षांनी आलंय. हा कागद फायलीत राहिला तर नाव निघेल, असं हेडक्लार्क म्हणाले. तुम्ही मला खुलासा लिहून द्या. काय झालं असेल ते लिहा."

तुम्हाला वाटेल, आता तरी हा माणूस बोलला असेल. नाही बोललो. तोंड उघडायचं म्हणजे काय काय सांगावं लागलं असतं, त्याचा विचार करा. तक्रार माझी, इथपर्यंत एक वेळ जमलं असतं. पण बायकोच्या नावाने मी जे जपत होतो ते मीच सडवलं होतं, हे दुसऱ्या माणसासमोर म्हणायचं माझ्या जिवावर आलं. त्याऐवजी मी तिला फर्मास खुलासा लिहून दिला. बारा वर्षांची अखंड सेवा, उन्हापावसाची पर्वा न करता, वगैरे. ती "बरं" म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

आठ दिवसांनी जाळीवर टॉर्च वाजली. सगळं पाणी बघून झाल्यावर तिने सांगितलं, "साहेब म्हणाले, भाषण चांगलंय. पण काय फुटलं, कसं फुटलं, ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मी बघतो काहीतरी," मी म्हणालो.

यादी दिवाळीला निघायची होती. ती लांबली, आणि माझं बघणंही लांबलं. दर खेपेला तिने पाणी पाहिलं, तारीख टाकली आणि दारात जरा थांबून विचारलं, "काही काम नाही ना, सर?" दर खेपेला मी नाही म्हणालो. यादीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मला वाटलं, ती तिकडे काहीतरी जमवत असेल.

डिसेंबरात आमच्या चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की आपल्यासाठी रोज राबणाऱ्या माणसांचा आपण कधी सत्कार केला नाही. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर कार्यक्रम ठरला. कचरागाडीवाला, झाडूवाल्या दोघी, वॉचमन काका आणि डासवाली ताई. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. सन्मानपत्रं कोण लिहिणार, आणि आभारप्रदर्शन कोण करणार? अध्यक्ष कोणी का असेना, आभार माझ्याकडे असतात. माइक बंद पडला तरी मंडपवाल्याचे आभार मानायला मी कचरत नाही, असं लोक म्हणतात.

ती त्या दिवशी काठाची हिरवी साडी नेसून आली होती. व्यासपीठापुढे हौसेने पाण्याचं घंगाळ ठेवून त्यात पाकळ्या सोडल्या होत्या. बसता बसता तिने चेअरमनबाईंना हळूच विचारलं, "हे आजचंच भरलंय ना?" सगळे हसले, तीही हसली.

मी बोलायला उभा राहिलो. काय बोललो ते तुम्ही अशा कार्यक्रमांत ऐकलेलंच आहे. यांच्या हातांमुळे आपण निरोगी आहोत, यांचे उपकार कसे फेडणार, वगैरे. भाषण रंगलं. ताईच्या नावापाशी मी म्हणालो, "घरातली माणसं झोपेत असताना आपल्या घराची काळजी करणारं माणूस क्वचित भेटतं." टाळ्या पडल्या. मला मात्र पुढचं वाक्य सापडेना. माझ्या घरात कोण झोपेत होतं आणि कोण काळजी करत होतं, ते माझं मलाच ऐकू आलं. मग घाईघाईने चहाचं सांगून मी खाली बसलो.

चहाच्या वेळी ती शाल काखेत धरून आली. "छान बोलता तुम्ही, सर," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईचं ऑफिस उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसलो होतो. हेडक्लार्ककडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं. 'तक्रार मी केली होती. माझ्या घरी पाखरांच्या कुंड्यातलं पाणी मी पाच-सहा महिने बदललं नव्हतं. त्यात अळ्या होत्या. बाई ते ओतत असताना शेवाळामुळे कुंडं हातातून निसटून फुटलं. त्यांचा दोष नाही. मी त्यांना ओरडलो, त्या उलट बोलल्या नाहीत.' खाली नाव, पत्ता, सही.

हेडक्लार्कने फाइल काढली. तक्रार, खुलासा आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर केला, खाली केला.

"मास्तर," तो गुजरातीत म्हणाला, "आ त्रणे अक्षर तमारा ज लागे छे."

"हो," मी म्हणालो, "तिन्ही माझेच."

त्याने माझा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "छेल्लुं सारुं छे," म्हणजे शेवटचं चांगलं आहे, आणि कागद फायलीत लावून साहेबांकडे पाठवला.

ती कायम झाली. कायम झाल्यावर नवा भाग मिळतो, तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामरेजच्या वाटेवरचा मिळाला. शेवटच्या खेपेला तिने आमच्या घरातलं सगळं पाणी नेहमीपेक्षा सावकाश पाहिलं. पेढे आणले होते. तारीख टाकून झाल्यावर मी तिला थांबवलं. कागद मी दिला होता हे तिला ऑफिसात कळलं असणारच, पण मला ते माझ्या तोंडाने सांगायचं होतं.

"ताई, ती पहिली तक्रार माझी होती."

"माहीत होतं, सर."

"ऑफिसात सांगितलं ना त्यांनी?"

"ऑफिसात आता सांगितलं. मला जूनमध्येच माहीत होतं." ती पिशवीची चेन लावत होती. "नासधूस लिहिलं होतं ना त्यात. बारा वर्षांत माझ्या हातून एकच वस्तू फुटली. मला कळणार नाही?"

"आणि तरी खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडेच आलात?"

"दुसऱ्या कुणाकडे जाऊ? काय झालं ते फक्त तुम्ही पाहिलं होतं. माझ्या सांगण्याला पुरावा काय? तुम्ही लिहिलं तरच साहेब मानणार होते." मग बायकोशी बोलायची त्या सुरात ती म्हणाली, "माले वाटनं, पहिल्याच दिवशी लिहाल."

ती जिना उतरून गेली. डावीकडे कलत, कठड्याला हात लावत.

आता दुसरी एक मुलगी येते. बेल वाजवते, मोबाइलमध्ये नोंद करते, भिंतीवर काही लिहीत नाही. कामाला चोख आहे, मी तिला नाव ठेवणार नाही. ती गेली की कधी कधी मी दार लोटून मागच्या तारखा बघत उभा राहतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, थेट जानेवारीपर्यंत, मधली एकही खेप चुकलेली नाही. त्या प्रत्येक खेपेला ताई दारात थांबली होती, काही काम नाही ना म्हणून विचारत होती, आणि मी समजत होतो की ती नुसतं पाणी बघायला येते.